वरचा घास

पिवळा रंग संपला होता, तो आणायला मिस्त्री दुपारी जेवण झाल्यावर दुकानात गेला. रंग म्हणजे काय, करंगळीएवढी डबी आणि दोन बारीक ब्रश. दुकानदार दरवेळी तेच विचारायचा, "एवढ्याशा रंगात काय रंगवता हो? मुंगीचं घर?" आणि मिस्त्री दरवेळी तोंड न उघडता डबी खिशात टाकून बाहेर पडायचा. त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कोणी वाईट वाटून घेत नसे.

तो रंग रंगवण्यासाठी नव्हताच. मिस्त्रीच्या गॅरेजात एक पद्धत होती. नट आधी बोटांनी फिरवून बसवायचा, मग टकटक्या पान्याने आवळायचा. या पान्याला ठरावीक जोर लागला की तो मुठीत 'टक' करतो, म्हणजे आता थांब. टक झालं की लगेच नट आणि खालचा पत्रा मिळून एक बारीक पिवळी रेघ ओढायची. पुढे कधी नट केसभर जरी हलला, तरी रेघेचे दोन तुकडे होतात आणि लांबूनही दिसतं. रेघ नाही म्हणजे काम पुरं झालेलं नाही. तीस वर्षं हा नियम त्याने पाळला होता, फक्त एकदा मोडला होता.

गॅरेजात सध्या एकच गाडी होती. जपानी, दोन सीटांची, पन्नास वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स गाडी. पुढचं नाक इतकं लांब की घरात सगळे तिला सुसर म्हणत. आरसे दारांवर नव्हते, पार पुढे चाकांच्या वर होते. तिकडे त्या काळी तशीच रीत होती. गाडी मिस्त्रीच्या थोरल्या भावाची, दादाची. दादा तीन वर्षांपूर्वी याच गाडीत गेला. टेकडीच्या उतारावर तिसऱ्या वळणाला डावीकडचं पुढचं चाक निखळलं आणि सुसर कठडा फोडून खाली गेली. जुनी गाडी, आटे झिजले असतील, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मिस्त्रीनेही हलवली.

आता दादाची मुलगी ती गाडी पुन्हा उभी करत होती. तिला घरात ठिणगी म्हणत, आणि ते नाव काही तिला फुकट मिळालेलं नव्हतं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती, हात बारीक कामाला सरावलेले. वर्षभरातली प्रत्येक सुट्टी तिने सुसरीखाली पडून घालवली, पण शेवटी नट आवळून रेघ ओढायचा तो मिस्त्रीच. "बाबांचा उतार अर्धा राहिलाय, तो मी पुरा करणार," एवढंच ती म्हणायची. मिस्त्रीने आडवं येण्याचे सगळे मार्ग करून पाहिले. पत्रा कुजलाय, दारांचं रबर कुठे मिळत नाही, मागच्या दिव्याची काच जपानहून यायला सहा महिने लागतील. काच तीन आठवड्यांत आली. ठिणगीने रविवारची तारीख ठरवून टाकली.

आणि आज बुधवार होता.

रंगाची डबी घेऊन तो परत आला, कुलूप काढलं, शटर वर सरकवलं. बॉनेट सकाळी होतं तसंच उघडं होतं. त्याने सवयीने वाकून पाहिलं आणि वाकलेलाच राहिला. स्टीअरिंगच्या पेटीचे चार बोल्ट, कार्बोरेटर जिथे इंजिनाला बसतात तिथले सहा, रेडिएटरचे चार. एकूण एक रेघ तुटलेली. पिवळ्याचा वरचा तुकडा खालच्यापासून डाळीच्या दाण्याएवढा सरकलेला. बोल्ट सैल पडला असता तर तो तुकडा डावीकडे गेला असता. हे सगळे उजवीकडे गेले होते. कोणीतरी ते आणखी आवळले होते.

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने ठिणगीला फोन लावला.

"सुसरीला हात लावलास?"

"काका, मी सकाळपासून लॅबमध्ये आहे. का हो?"

"माझ्या आवळलेल्या बोल्टांना कोणी पाना लावलेला मला चालत नाही."

"माझ्याकडे गॅरेजची किल्ली तरी आहे का?" ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं. किल्ली एकच होती आणि ती मिस्त्रीच्या कमरेला होती.

त्याने फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसला. पान्याचा 'टक' ऐकल्यावरही आणखी जरासा जोर देणारा माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिला होता. त्या जास्तीच्या जोराला दादा 'वरचा घास' म्हणायचा. "पोट भरलं तरी आई एक वरचा घास द्यायचीच ना रे छोट्या? मग बोल्टाने काय पाप केलंय?" असं म्हणून तो पान्यावर झुकायचा आणि मिस्त्री ओरडायचा की आटे तुटतील. नऊ वर्षं दर रविवारी हेच चाललं होतं. दोघांनी मिळून भंगारातून ती गाडी उचलली होती. मिळून म्हणायचं एवढंच. दादा ऑफिसातला माणूस, पांढऱ्या शर्टाचा, उंटावरून शेळ्या हाकणारा. पत्रा कापला मिस्त्रीने, जोडला मिस्त्रीने, इंजिन तीनदा उघडलं मिस्त्रीने. दादा यायचा, दुखऱ्या मनगटाला बाम चोळायचा, चार बोल्टांना वरचा घास भरवायचा आणि गप्पा मारायचा.

मग जुन्या गाड्यांच्या क्लबाची मिरवणूक ठरली. आदल्या संध्याकाळी मिस्त्री पुढचे ब्रेक बदलून डावं चाक चढवत होता. सीटवर क्लबाचा फॉर्म पडलेला दिसला. गाडीचं काम कोणी केलं, या प्रश्नापुढे दादाच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता. 'स्वतः.'

नऊ वर्षं, आणि स्वतः. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मिस्त्रीने त्या चाकाचे चार नट बोटांनी बसवले होते, पाना अजून लावायचा होता. तो पाना त्याने भिंतीवर भिरकावला, जॅक खाली घेतला आणि कोणाशी न बोलता घरी गेला. चाकावर पिवळी रेघ नव्हती. दुसऱ्या दिवशी दादा गाडी घेऊन निघाला आणि तिसऱ्या वळणाला गेला.

हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. तीन वर्षं तो मूग गिळून बसला होता, आणि विचित्र म्हणजे त्या तीन वर्षांत त्याचा दादावरचा राग कमी झाला नव्हता, वाढला होता. असं मरून जाणं हीसुद्धा त्याला दादाची एक लबाडीच वाटायची. आता भांडायचं तरी कोणाशी?

गुरुवारी तो सुसरीखाली आडवा पडून एक्झॉस्टचा पाइप बांधत होता. चारही बाजूंना स्टँड, गाडी कमरेएवढी उंच. बाहेर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. शटर अर्धं ओढलेलं, त्यामुळे आत करडा उजेड होता आणि जळक्या तेलाचा नेहमीचा वास. त्या वासात हळूहळू दुसरा एक मिसळला. थंड, डोळ्यांना झोंबणारा. त्याला तो ओळखायला वेळ लागला नाही, कबूल करायला लागला. बाम.

मग त्याच्या डोक्याच्या मागे, उजव्या मागच्या चाकाकडून आवाज आला.

टक.

मिस्त्री हलला नाही. गाडीखालून त्याला जमीन दिसत होती, स्टँडचे पाय दिसत होते, भिंतीलगत ठेवलेला तेलाचा डबा दिसत होता. कोणाचे पाय दिसत नव्हते.

टक... आणि त्यानंतर ओल्या लाकडासारखी बारीक करकर. वरचा घास भरवतानाचा आवाज.

तो सरपटत बाहेर आला. टकटक्या पाना भिंतीवरच्या खिळ्याला होता तिथेच होता. त्याची मूठ कोमट लागली. गाडीभोवती फिरून त्याने रेघा पाहिल्या. मागच्या दोन्ही चाकांचे नट उजवीकडे सरकलेले, ब्रेकचे बोल्ट उजवीकडे सरकलेले. उजव्या पुढच्या चाकाचेही तसेच. मग तो डाव्या पुढच्या चाकाशी आला. तिथल्या चारही रेघा तुटल्या होत्या, पण डावीकडे. त्याने एका नटाला नुसतं बोट लावलं. नट फिरला.

इतर सगळी गाडी आवळलेली आणि हेच एक चाक बोटांच्या जोरावर. त्या संध्याकाळी त्याने सोडलं होतं, अगदी तसं.

भीती नंतर वाटली. आधी संतापच आला. त्याने पाना उचलला, चारही नट टक होईपर्यंत आवळले, दात-ओठ खात रेघा ओढल्या, मोरीत जाऊन हात धुतले आणि परत आला. रेघा तुटलेल्या. पुन्हा आवळले. मागे वळून ब्रश डबीत बुडवला, पुढे वळला. नट सैल. असं किती वेळा झालं ते त्याने मोजलं नाही. हाताला फोड आला तेव्हा थांबला.

"मेल्यावरसुद्धा माझ्या कामात नाक खुपसतोस?" तो रिकाम्या गॅरेजात ओरडला. "जिवंतपणी एक रेघ ओढली नाहीस तू. एक बोल्ट धड आवळला नाहीस. आणि आता मला शिकवतोस?"

बामाचा वास तेवढा राहिला.

शुक्रवारी त्याने वेगळं ठरवलं. नट आवळायचे, रेघा ओढायच्या आणि समोर बसून नजर हलवायचीच नाही. फिरणारा नट एकदा डोळ्यांनी दिसला की संपलं. तो चाकासमोर पाट टाकून बसला. दिवा चाकावर रोखला. पिवळ्या चार रेघा ओल्या चमकत होत्या. दूर कुठेतरी पाण्याची मोटर सुरू झाली आणि बंद पडली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी त्याने पापणी पाडली नाही. रेघा सरळ होत्या. मग त्याला शिंक आली.

शिंकेनंतर डोळे उघडले तेव्हा चारही रेघा तुटल्या होत्या. रंग अजून ओलाच होता, त्यामुळे नटांवर पिवळे फराटे उमटले होते. त्या फराट्यांत बोटांचे ठसे होते, एकापुढे एक, नट बोटांनी सोडवल्यासारखे. मिस्त्रीने स्वतःची बोटं पाहिली. ती कोरडी होती.

"दादा..." तो म्हणाला. "ती बसणार आहे यात... तुझीच पोरगी आहे रे..."

गाडीच्या पलीकडच्या बाजूने उत्तर आल्यासारखं एकदाच झालं. टक.

"मी सांगू का तिला? तेच हवंय ना तुला?"

या वेळी काहीच आवाज आला नाही. नुसता वास दाट झाला, इतका की मिस्त्री शटर उचलून रस्त्यावर येऊन उभा राहिला. त्याने मनाशी ठरवलं, गाडी जाणारच नाही. प्रश्न मिटला. सांगायचीही गरज नाही.

शनिवारी सकाळी ठिणगी आली ती आईला घेऊनच. वहिनी तीन वर्षांत पहिल्यांदा गॅरेजात पाय ठेवत होती. ती दाराशीच उभी राहिली, पदराने नाक झाकून, आणि सुसरीकडे बघत राहिली. लाल रंग असा चढला होता की त्यात शटरच्या पट्ट्या दिसत होत्या.

"आज एक चक्कर मारून बघते," ठिणगी म्हणाली. "उद्या उतार."

"गाडी जाणार नाही," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे जाणार नाही. काम राहिलंय."

"कुठलं काम?"

ठिणगीने हातातली पिशवी खाली ठेवली. "काका, वर्षभर ऐकतेय मी. पत्रा झाला, रबर झालं, काच झाली. आता काय? खरं सांगू का, तुम्हाला ती मला द्यायचीच नाहीये. बाबांनाही द्यायची नव्हती. बाबा म्हणायचे, छोट्याचा जीव त्या गाडीत अडकलाय."

"तुझ्या बाबाने काय काय म्हणायचं बाकी ठेवलं होतं?" मिस्त्री उसळला. "क्लबाच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं, माहीत आहे? स्वतः. नऊ वर्षं मी हाडं झिजवली आणि याने लिहिलं स्वतः."

वहिनी दाराशी होती तिथूनच बोलली. "भाऊजी, त्या फॉर्मवर मालकाचंच नाव चालत होतं. ते मला म्हणाले होते, तिथे माइकवर सांगतो, गाडी माझ्या धाकट्याने उभी केली. चार दिवस आरशासमोर तेवढं एक वाक्य पाठ करत होते."

आपण रागाने पेटलो होतो ते कशावर, हे मिस्त्रीला कळलं, आणि कळूनही राग विझला नाही. तो फक्त जागा शोधत फिरला आणि शेवटी त्याच्या स्वतःवरच गेला.

"डावीकडचं पुढचं चाक," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी मी चढवलं होतं. नट बोटांनी बसवले. पाना लावला नाही. रागात निघून गेलो."

ठिणगी चाकाकडून त्याच्याकडे वळली.

"विसरलात?" तिने विचारलं. तिला तो 'हो' म्हणायला हवा होता. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

मिस्त्रीला इथे थांबता आलं असतं. "रात्री विसरलो होतो," तो म्हणाला. "सकाळी आठवलं. चहा घेत होतो. फोन हातात होता... म्हटलं, स्वतः केलंय ना, मग स्वतः बघ. एकदा तरी वाकून बघ. रेघ नाही हे आंधळ्यालाही दिसेल."

"किती वाजता आठवलं?" वहिनीने विचारलं.

"साडेनऊ."

"ते दहाला निघाले," वहिनी म्हणाली. "मी म्हटलं होतं, चाकं बघून घ्या. तर म्हणाले, छोट्याचा हात लागलाय, बघायचं काय त्यात." एवढं बोलून ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. ती रडत नव्हती.

ठिणगी रडेल, ओरडेल, काहीतरी फेकेल असं मिस्त्रीला वाटलं होतं. ते त्याला परवडलं असतं. तिने खिळ्यावरचा पाना काढला, डाव्या चाकाशी गुडघे टेकले आणि पहिला नट लावला. टक. दुसरा. टक. चौथ्यानंतर तिने मागे न बघता हात मागे केला. त्याने डबी दिली. तिने चार रेघा ओढल्या, कवळीवर दात मांडावेत इतक्या नेमक्या. दोघंही वाट बघत राहिले. ती कशाची वाट बघत होती कोण जाणे. तो बघत होता रेघा तुटायची. त्या तुटल्या नाहीत.

तिने स्टँड काढले, जॅक खाली घेतला, चालकाच्या जागेवर बसली, आतून डावं दार उघडलं.

"बसा."

"ठिणगे, ऐक..."

"त्या चाकाच्या वर बसायचं. बसा."

तो बसला. सुसर गल्लीतून निघाली तेव्हा वहिनीने मान वर केली नाही.

उतार गावाबाहेर पाच किलोमीटरवर सुरू होत होता. इंजिन असं गात होतं की दुसऱ्या कुठल्या दिवशी मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. गाडीत कुठे खडखड नाही, कुठे थरथर नाही. पन्नास वर्षांची गाडी, पण दगडासारखी घट्ट. त्याच्या लक्षात आलं, हा त्याच्या हाताचा घट्टपणा नव्हता. प्रत्येक आट्याला वरचा घास मिळालेला होता. दादाने या आठवड्यात एकच चाक सोडून सगळी गाडी पोरीसाठी आवळून ठेवली होती. बामाचा वास गाडीत होता, सीटच्या मागून येत होता, आणि पहिल्यांदाच त्याचा मिस्त्रीला आधार वाटला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ठिणगी ब्रेकला पाय लावत नव्हती. तिसऱ्या वळणाला नव्या कठड्याचा पांढरा तुकडा समोर आला, मोठा झाला, आणि मिस्त्रीने दाराची मूठ धरली. डाव्या चाकावर सगळं वजन आलं. चाक जागचं हललं नाही. गाडी वळणातून सरळ झाली आणि खाली मोकळा रस्ता दिसला.

उतार संपल्यावर तिने गाडी कडेला घेतली. तिथे एक टेम्पो उभा होता, त्याचा ड्रायव्हर चाक बदलत होता. ठिणगीने समोर बघतच म्हटलं, "उतरा, मिस्त्री."

जन्मापासून तिने त्याला काका सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. तो उतरला, पायाखाली खडी करकरली. दार लावायला वळेपर्यंत तिने गाडी सोडलीही होती. दार आपोआप आपटलं. लाल ठिपका लहान होत पुढच्या घाटाकडे गेला, आणि मग फक्त इंजिनाचा आवाज राहिला.

गेली तर गेली, तो मनात म्हणाला. जिवंत आहे आणि रागावली आहे. रागावलेलं माणूस कधीतरी बोलतं. आणि गाडीत तिचा बाप आहे तिच्या पाठीशी. तेवढ्या विचारावर तो उभा राहू शकत होता.

"काका, जरा हे आवळता का?" टेम्पोवाल्याने हाक मारली. तो घामाघूम झाला होता. "माझ्या हातांत त्राण नाही. तोवर मी दुसऱ्या बाजूचे बघतो."

मिस्त्रीने पाना घेतला. हे तर त्याचं रोजचं काम. पहिला नट सगळा जोर लावून आवळला, दुसऱ्याकडे गेला. दुसरा आवळून सहज पहिल्याला बोट लावलं. तो फिरला. त्याने पुन्हा आवळला, पाना काढला. नट त्याच्या बोटाखाली हळूच मागे सरकला, कोणी दुसऱ्या बाजूने सोडवत असल्यासारखा. खडीच्या धुळीत, उन्हात, डिझेलच्या वासात एक थंड झोंबरा वास येत होता. तो मिस्त्रीच्या अगदी खांद्याशी होता.

त्याने पाना खाली ठेवला.

टेम्पोवाला वळसा घालून आला, त्याने नटाला बोट लावून पाहिलं आणि हसला. "राहू द्या. वय झालं की होतं असं." त्याने स्वतः पाना घेऊन दोनच हिसक्यांत नट आवळला. तो तसाच राहिला. मग तो मिस्त्रीच्या मागे, रस्त्याच्या कडेला, कोणालातरी शोधत बघायला लागला.

"तुमचे ते कुठे गेले हो?"

"कोण?"

"तुमच्याबरोबर आता उतरले ना लाल गाडीतून, पांढऱ्या शर्टातले. त्यांना बोलवा, जरा जॅकला हात लावतील."

मिस्त्रीने वळून घाटाकडे पाहिलं. इंजिनाचा आवाज अजून येत होता, वळणागणिक बारीक होत. सुसरीच्या अंगात बारा-तेराशे नट-बोल्ट होते. त्यातले चार ठिणगीने आवळले होते. बाकीचे सगळे त्याच्या हातचे होते, त्याच्या हातचं आता काही टिकत नव्हतं, आणि त्यांच्यावर झुकणारा माणूस इथे उतरला होता.

"तुझा टेम्पो काढ," तो टेम्पोवाल्याला म्हणाला. "त्या गाडीच्या मागे घे. लवकर घे."

"अहो, अजून दोन नट राहिलेत," टेम्पोवाला म्हणाला, आणि पुन्हा चाकाशी बसला.